उष्ण झऱ्यांचे यजमान

कलकत्त्याच्या सियालदह स्थानकाबाहेर जो रुंद रस्ता उत्तर-दक्षिण जातो, त्याचे जुने नाव सर्क्युलर रोड. 1742 साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने कलकत्तेकरांनी शहराभोवती एक खंदक खणावयास घेतला होता. पुढे तो बुजवला गेला, आणि या रस्त्याचा बराचसा भाग त्याच्याच मार्गावर उभा राहिला. 'मराठा डिच' हे त्याचे नाव आजही इतिहासाच्या पुस्तकांत आढळते. शहरापर्यंत स्वार पोहोचले नाहीत. वीरभूम जिल्ह्याने मात्र त्यांची धाड सोसली. बंगाली आया मुलांना निजवताना 'बर्गी' येतील अशी भीती घालीत, तो बर्गी म्हणजे आपला बारगीर. सियालदहला सिउडीची गाडी पकडणाऱ्या मराठी प्रवाशाने एवढे ध्यानात ठेवलेले बरे. आपले पूर्वज त्या मुलखात न बोलावता गेले होते. आपण पाहुणा म्हणून जावे. आणि पाहुणा म्हटला की यजमान कोण, हा प्रश्न ओघानेच येतो.

गाडी बर्धमान ओलांडून वीरभूममध्ये शिरते, तशी माती लाल होऊ लागते. भातखाचरांच्या बांधावर ताडाची झाडे दिसू लागतात. सिउडी हे जिल्ह्याचे ठाणे. तेथून पश्चिमेस, मोटारीने तासाभराच्या आत, बक्रेश्वर लागते. अष्टावक्र मुनींच्या तपाची कथा सांगणारे हे शैव क्षेत्र शक्तिपीठ म्हणूनही पूजिले जाते. देवळाच्या आवारात आणि आसपास अग्निकुंड, ब्रह्मकुंड, सूर्यकुंड, सौभाग्यकुंड, क्षीरकुंड, भैरवकुंड अशी कुंडे आहेत. काहींचे पाणी केवळ कोमट. अग्निकुंडाचे मात्र 65 ते 70 अंश सेल्सिअसच्या घरातले, हात घालण्याजोगे नव्हे. पाण्यातून अखंड बुडबुडे येत असतात, आणि हवेत गंधकाचा वास असतो.

या परिसरात जिवंत ज्वालामुखी नाही. मग पाणी तापते कसे? पावसाचे पाणी खडकांतील भेगांवाटे खोल उतरते. भूपृष्ठापासून खाली जावे तसे तापमान दर किलोमीटरला साधारणपणे 25 ते 30 अंशांनी वाढते. खोलवर तापलेले पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेवाटे त्वरेने वर आले, की निवण्यापूर्वीच ते झरा होऊन प्रकटते. छोटा नागपूरच्या पठाराचा हा पूर्वेकडील कडेचा प्रदेश अतिप्राचीन ग्रॅनाइट व पट्टिताश्म खडकांचा आहे, आणि त्यांत अशा भेगा पुष्कळ आहेत. त्या खडकांत युरेनियम व थोरियम यांचे अंश असतात. त्यांचे कण फुटताना जे अल्फा कण बाहेर पडतात, ते पुढे हेलियम वायूचे रूप घेतात. बुडबुड्यांत मुख्यत्वे नायट्रोजन असला, तरी हेलियमचे प्रमाणही एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान भरते. साध्या हवेत ते एका टक्क्याचा दोन हजारावा हिस्साही जेमतेम असते. सियालदहपासून उत्तरेस थोड्याच अंतरावर, राजाबाजारच्या विज्ञान महाविद्यालयात, सत्येंद्रनाथ बोस अध्यापन करीत. त्यांच्याच प्रोत्साहनाने श्यामादास चॅटर्जी यांनी बक्रेश्वरच्या या वायूचा अभ्यास हाती घेतला. भाविकाला जेथे शिवाचा श्वास जाणवला, तेथे शास्त्रज्ञाला पृथ्वीचा श्वास मोजता आला.

येथवर यजमान दोन झाले, देवस्थान आणि विज्ञान. तिसरा भेटण्यासाठी सिउडीहून दुमक्याचा रस्ता धरावा लागतो. हा रस्ता मयूराक्षी नदीवरच्या मसानजोर धरणाजवळून जातो आणि झारखंडच्या संथाल परगण्यात शिरतो. दुमका जिल्ह्यातही उष्ण झरे आहेत. तातलोई, नूनबिल, बारामसिया, लाउलाउदह ही त्यांपैकी काहींची नावे. संथाली भाषेत 'लोलो' म्हणजे उष्ण आणि 'दाक' म्हणजे पाणी. लाउलाउदह हे नाव त्याच शब्दांवरून घडले असावे असे दिसते. मकरसंक्रांतीच्या सुमारास येथे जत्रा भरतात. थंडीत कुडकुडत आलेली कुटुंबे वाफाळत्या पाण्यात स्नान करतात. या पाण्याने त्वचेचे विकार बरे होतात, अशी त्यांची पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा आहे. झऱ्याला संथालाने नाव दिले, झऱ्याशी त्याचा सण जोडला गेला. परंतु झऱ्याचा धनी तो आहे काय?

या प्रश्नाचे मोल समजण्यासाठी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावे लागते. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात, कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्वेस, उंचावरचा रुक्ष वाळवंटी प्रदेश आहे. पाऊस पर्वतच अडवून धरतो. पलीकडे उरतात ती खुरटी झुडपे, उघडे कडे आणि कोरडे आकाश. तेथे वॉर्म स्प्रिंग्ज, वास्को आणि पायूट या तीन जमातींचे संयुक्त राष्ट्र नांदते, आणि 'का-नी-टा' हे उष्ण झऱ्याचे विश्रामस्थान त्यांच्या मालकीचे आहे. तेथे जाणारा गोरा प्रवासी झऱ्यात पोहतो, जमातीच्या पारंपरिक तंबूत राहतो. आणि त्याचे पैसे जमातीच्या तिजोरीत जातात. तेथे तो पाहुणा असतो, जमात यजमान असते.

ही मालकी सहज मिळालेली नाही. 25 जून 1855 रोजी या भागातील जमातींनी अमेरिकन सरकारशी तह केला. सुमारे एक कोटी एकर भूमी त्यांनी सोडली आणि सुमारे 6 लाख 40 हजार एकर राखून ठेवली. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, 30 जून 1855 रोजी, संथाल परगण्यातील भोगनाडीह गावी सिदो आणि कान्हू या मुर्मू बंधूंनी सावकार, जमीनदार व कंपनी सरकार यांच्याविरुद्ध 'हूल' पुकारला. एकाच आठवड्यात जगाच्या दोन टोकांना दोन आदिम समाज आपल्या भूमीचा निवाडा मागत होते. एकाला तह मिळाला, दुसऱ्याला बंदुका. हूल मोडला गेला, पण निष्फळ झाला नाही. त्याच वर्षी संथाल परगणा हा निराळा जिल्हा झाला, आणि आदिवासींच्या जमिनी परक्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून क्रमाने कायदे आले. त्यांत 1949 चा संथाल परगणा कुळकायदा प्रमुख होय.

पुढेही दोन्ही इतिहास समांतर जातात. 1957 मध्ये कोलंबिया नदीवरील डॅलेस धरणात सेलिलो धबधबा बुडाला, आणि त्याबरोबर जमातींची सामन माशांची प्राचीन ठिकाणे गेली. इकडे मसानजोर धरण 1955 मध्ये पुरे झाले, आणि संथालांची अनेक गावे पाण्याखाली गेली. भेद पडला तो मोबदल्यात. ऑरेगनमधील जमातीशी सरकारने तह केलेला होता; म्हणून भरपाई, सुमारे 40 लाख डॉलर, जमातीला एक संस्था म्हणून मिळाली. तिने त्यातील काही रक्कम आपल्या साधनसंपत्तीच्या पाहणीवर खर्च केली. उष्ण झऱ्याची जागा मध्यंतरी व्यक्तिगत वाटणीतून परक्या हातांत गेली होती. ती 1961 च्या सुमारास पुन्हा विकत घेतली आणि 1964 मध्ये विश्रामस्थान उघडले. आपल्याकडील भूसंपादनाच्या व्यवस्थेत मोबदला खातेदाराला मिळतो. खातेदाराजवळचा पैसा घरखर्चात, आजारात, लग्नकार्यात विरून जातो. तेवढ्याने झरा विकत घेता येत नाही. दुमक्याच्या संथालाच्या शेताला कायद्याचे कुंपण आहे, परंतु नदीकाठच्या झऱ्यावर उद्या पथिकाश्रम उभे राहिले, तर त्याच्या वाट्याला पहारेकऱ्याची नोकरी येईल की भागीदारी, याचे उत्तर त्या कुंपणात नाही.

तथापि मालकी म्हणजे वैभव, असाही भ्रम नको. सप्टेंबर 2018 मध्ये तोट्यापायी का-नी-टा बंद पडले आणि जमातीतल्या अनेकांचे रोजगार गेले. परंतु झऱ्याचा लिलाव झाला नाही. दार बंद करण्याचा निर्णय जमातीचा होता, आणि काही वर्षांनी ते नव्या रूपात उघडण्याचा निर्णयही जमातीचाच. मालकीचा खरा अर्थ नफ्यात नसून या निर्णयाधिकारात आहे. चाकराची नोकरी उद्योग बुडाला की संपते. धन्याला पुन्हा आरंभ करता येतो.

हे भारतात अशक्य आहे असे म्हणू नये. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने 2006 च्या वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला, आणि 2011 मध्ये तेथील बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. व्यक्ती नव्हे, तर गाव धनी झाले. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना 1996 च्या कायद्यानेही गावच्या साधनसंपत्तीबाबत अधिकार दिले आहेत. जे बांबूच्या बाबतीत घडले, ते झऱ्याच्या बाबतीत कल्पनेपलीकडचे नाही. हा विचार आपल्या घरालाही लागू आहे. तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथे मुंबईकर स्नानाला जातात. सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. त्या वाटांवरची आदिवासी गावे प्रवाशाच्या नजरेस फारशी पडत नाहीत.

सियालदहला उतरणारा प्रवासी झऱ्याच्या पाण्याने ताजातवाना होऊन परततो. देवाला दक्षिणा दिली, गाडीवाल्याला भाडे दिले, एवढ्याने आपला हिशेब चुकता झाला असे त्याला वाटते. परंतु पाहुण्याने यजमानाला ओळखणे हा आतिथ्याचा पहिला नियम आहे. खोल पृथ्वीने तापवून पाठविलेल्या पाण्यावर अमुक एका मनुष्याचा हक्क आहे, असे पृथ्वी सांगत नाही. ते माणसांनी आपसांत ठरवायचे असते. ज्यांनी त्या पाण्याला पहिले नाव दिले, त्यांना ते ठरविताना बाहेर उभे ठेवू नये, इतकेच.