हलकं पिस्तूल आणि लहान हात

आजचा विषय वाचून काही जणांना गंमत वाटली असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस पिस्तुलावर काय बोलणार? पण प्रश्न मोठा छान आहे. राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, 2024 मध्ये पॅरिसला मनू भाकरनं पदकं मिळवली, तेव्हापासून आपल्याकडे नेमबाजीच्या वर्गांना मुलं-मुली उत्साहानं जायला लागली. मग पालक विचारतात, "आमच्या मुलीचा हात लहान आहे, तिच्यासाठी हलकं पिस्तूल कोणतं घ्यावं?"

या प्रश्नात एक गृहीतक लपलेलं आहे. हात लहान, म्हणून पिस्तूल हलकं हवं. हे 'म्हणून' तपासून बघायचं, एवढंच आज करायचं आहे.

आधी 'लहान हात' म्हणजे काय ते बघू. यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. एक, बोटांची लांबी. दोन, तळहाताची रुंदी. तीन, मनगटाची आणि खांद्याची ताकद. बारीक चणीच्या मुलीची बोटं आखूड असली तरी खांदा दणकट असू शकतो. उंच मुलाची बोटं लांब, पण मनगट कच्चं, असंही असतं. बोटं आखूड असतील तर उपाय मुठीत आहे. ताकद कमी असेल तर उपाय वजनात आणि व्यायामात आहे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर गुण कसा येणार?

आता वजन. पाण्याची कळशी कडेवर घेतली तर बाई दोन गल्ल्या चालून जाते. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगा, अर्धं मिनिटही जमणार नाही. कळशी तीच, पाणी तेच. बदललं ते अंतर. पिस्तुलाचंही असंच आहे. समजा, एक पिस्तूल 1000 ग्रॅमचं आहे आणि त्याचा भारमध्य मनगटापासून 10 सेंटीमीटरवर आहे. दुसरं 800 ग्रॅमचंच, पण नळीकडे जड, भारमध्य 15 सेंटीमीटरवर. गुणाकार करा. पहिल्याचे 10,000, दुसऱ्याचे 12,000. म्हणजे तराजूवर जे हलकं, तेच मनगटाला पाचव्या हिश्श्यानं जड!

खांद्याचा हिशोब मात्र वेगळा. खांद्यापासून मनगट 50 सेंटीमीटर धरलं तर पहिल्याचे 60,000 होतात आणि दुसऱ्याचे 52,000. खांद्याला दुसरंच हलकं. म्हणून मुलगी "जड वाटतं" म्हणाली की पुढचा प्रश्न विचारायचा, "कुठं?" मनगटात म्हणाली तर भार मागे आणायचा. खांद्यात म्हणाली तर एकूण वजन कमी करायचं. उत्तर तिच्याच शरीरात आहे, कॅटलॉगात नाही.

मग सगळ्यात हलकं घेऊन टाकावं का? तेही नाही. 25 मीटर स्पोर्ट पिस्तूल, म्हणजे पॉइंट टू टू बोअरचा प्रकार, यात आंतरराष्ट्रीय नियमानं पिस्तुलाचं वजन 1400 ग्रॅमपर्यंत चालतं, आणि ट्रिगर ओढायला किमान 1000 ग्रॅमचा जोर लागलाच पाहिजे. आता पिस्तूल 800 ग्रॅमचं असेल तर बोट पिस्तुलाच्या वजनापेक्षा जास्त जोरानं ओढतंय. तो जोर जरा तिरका पडला की हलकं पिस्तूल लगेच वळतं. जडपणात एक स्थैर्य असतं, ते आपण गमावून बसतो. 10 मीटर एअर पिस्तुलात ट्रिगरची किमान मर्यादा 500 ग्रॅम आहे, म्हणून तिथं हलकं पिस्तूल जास्त सुसह्य होतं.

वळण्याचा परिणाम किती होतो? 25 मीटरच्या पिस्तुलात पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर जास्तीत जास्त 220 मिलिमीटर असतं. पुढची साइट मागचीच्या तुलनेत एक मिलिमीटर सरकली, तर 25 मीटरवर गोळी सुमारे 114 मिलिमीटर बाजूला जाते. प्रिसिजनच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे दहाची गोळी थेट सहावर. उलट सगळा हात, साइट सरळ रेषेत ठेवून, एक मिलिमीटर हलला तर गोळीही एकच मिलिमीटर सरकते. लक्षात घ्या, थोडा थरथरणारा हात माफ आहे. पिस्तुलाचं वळणं माफ नाही.

आणि पिस्तूल वळतं ते बहुधा मुठीमुळे. इथं आपण मुद्द्यावर आलो. अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं मुठीच्या मागे वर घट्ट बसलं पाहिजे. हाताचा पुढचा भाग, मनगट आणि नळी एका रेषेत हवी. आणि त्या स्थितीत तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर सहज पोचला पाहिजे. बोट मुठीच्या बाजूला घासत असेल तर प्रत्येक वेळी पिस्तूल किंचित ढकललं जातं. मूठ मोठी असली की लहान हाताचा माणूस काय करतो? ट्रिगर गाठण्यासाठी पंजा फिरवून घेतो. बोट पोचतं, पण रेषा मोडते. मग मनगट वाकवून नेम दुरुस्त करायचा, आणि साठ गोळ्यांत मनगट दुखायला लागतं. मुलगी म्हणते, "पिस्तूल जड आहे." खरं तर जड नसतं, जाड असतं!

मुठीची जाडी कशानं ठरते? पॉइंट टू टू लाँग रायफल हे काडतूस साधारण 25 मिलिमीटर लांब असतं. रुगर मार्क किंवा ब्राउनिंग बक मार्क अशा पिस्तुलांत मॅगझिन मुठीतच बसतं. मग मूठ पुढून मागे एका मर्यादेपेक्षा बारीक होऊच शकत नाही. पार्डिनी एसपी, वॉल्थर जीएसपी, फाइनवेर्कबाउ एडब्ल्यू 93 यांत मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं. मूठ मोकळी राहते, ती हवी तशी कोरता येते. पण तोच भार पुढे जातो, म्हणजे मनगटाचा हिशोब परत आला. एका हातानं मिळतं, दुसऱ्या हातानं जातं. निवड करायची म्हणजे आपल्याला कोणती किंमत परवडते हे ठरवायचं.

ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्राच्या दुसऱ्या पुस्तकात मिलो नावाच्या पहिलवानाचं उदाहरण दिलंय. दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडं, म्हणून वस्ताद सगळ्यांना सहा माप वाढत नाही. मिलोला ते कमी पडेल, नवख्याला जास्त होईल. मध्य अंकगणितातला वेगळा आणि आपल्यापुरता वेगळा. क्लबातलं सामायिक पिस्तूल बहुतेक वेळा मध्यम मुठीचं आणि उजव्या हाताचं असतं. ते सहा माप आहे. आणि इतिहास बघा, ऑलिम्पिकमध्ये महिलांची स्वतंत्र पिस्तूल स्पर्धा सुरू झाली 1984 साली, लॉस एंजेलिसला. 10 मीटर एअर पिस्तूल त्यानंतर 1988 मध्ये, सोलला. 'मध्यम' म्हणजे कोणाचं मध्यम, हे विचारायला हवं. ते न विचारता आपण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला सांगून मोकळे होतो की तुझा हात कमजोर आहे, हा खेळ तुझा नव्हे. अवजाराचा दोष माणसाच्या माथी मारायचा आणि त्या माणसानंही तो खरा मानायचा, हे मला फार गंभीर वाटतं.

आता करायचं काय, ते क्रमानं सांगतो.

सुरुवात 4.5 मिलिमीटर एअर पिस्तुलानं करा. धक्का नगण्य, आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या अशा पिस्तुलाला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. पॉइंट टू टूला लागतो. मोरिनी, स्टायर, पार्डिनी यांची आखूड नळीची मॉडेल्स मिळतात, त्यांत भार मनगटाच्या जवळ येतो. मूठ स्मॉल किंवा एक्स्ट्रा स्मॉल मागा, पण आकड्यावर विसंबू नका. एका कंपनीचं स्मॉल दुसरीच्या मीडियमएवढं असू शकतं. चपला घेताना पाय घालून बघतो ना, तसंच.

घेण्याआधी रेंजवर, कोचच्या देखरेखीखाली, पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून तीन गोष्टी बघा. पहिली, डोळे मिटून हात उचला, मग डोळे उघडा. साइट आपोआप रेषेत आहेत का? सारख्या एकाच बाजूला जात असतील तर मूठ तुमची नाही. दुसरी, तर्जनी आणि मुठीची बाजू यांच्यात फट दिसते का? तिसरी, पिस्तूल 10 सेकंद धरा, खाली ठेवा, असं वीसदा करा. मग आधी काय दुखतं ते बघा, मनगट की खांदा.

नवीन पिस्तूल घेणं परवडत नसेल तरी हरकत नाही. बऱ्याच टार्गेट पिस्तुलांत ट्रिगरची पात मागेपुढे सरकवता येते आणि तळहाताखालची फळी वरखाली करता येते. लाकडी मूठ कानशीनं घासता येते, जास्त घासली गेली तर एपॉक्सी पुटीनं भरता येते. फक्त नियम बघून घासा. मुठीचा मनगटाला आधार मिळता कामा नये. लाखाचं पिस्तूल घेण्याआधी जुन्या पिस्तुलाची मूठ हाताजोगी करून एक महिना सराव करून बघा. पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं.

आणि हे सगळं करून गुण वाढलेच नाहीत तर? तर मग सराव कमी आहे, असं म्हणायचा हक्क आपल्याला मिळतो. त्याआधी नाही. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.