चेहरा वाकडा का होतो? दैवाला बोल लावू नका, कारण शोधा

"गऱ्हनात इळी हाती घेतली असंन, म्हून पोराचा ओठ फाटला."

बाळंतिणीच्या खाटेजवळ बसलेली एखादी म्हातारी असे बोलून जाते आणि त्या तरुण आईची मान खाली जाते. नऊ महिने ओझे तिनेच वाहिले, कळा तिनेच सोसल्या आणि दोषही तिच्याच माथी! मोठ्या माणसाचे तोंड अचानक वाकडे झाले तर 'वारं लागलं' म्हणतात. वाढत्या वयाच्या मुलीची हनुवटी एका बाजूला सरकलेली दिसली, की घरात एकच घोर लागतो, "हिचं लगन कसं होईन?"

माता-भगिनींनो, ग्रहणाने ओठ फाटत नाही आणि वाऱ्याने तोंड वाकडे होत नाही. चेहरा वाकडा होण्याचे कारण शरीरातच असते. ते सापडले की बहुतेक वेळा उपायही सापडतो. मात्र प्रत्येक उपायाची एक वेळ असते. कुठे ती काही तासांची असते, कुठे तीन महिन्यांची, तर कुठे अठरा वर्षे थांबावे लागते. अंगारे-धुपाऱ्यात ही वेळ गेली, तर पुढे डॉक्टरांचेही हात बांधले जातात.

आधी आरशात पाहा

कोणाचाही चेहरा दोन्हीकडून तंतोतंत सारखा नसतो. एक भुवई थोडी वर असते, हसताना ओठाचा एक कोपरा जास्त उचलतो. हा आजार नव्हे. दोन-चार वर्षांपूर्वीचा फोटो काढून आजच्या चेहऱ्याशी ताडून पाहा. फरक नवा असेल, वाढत असेल किंवा त्यामुळे खाणे, बोलणे, तोंड उघडणे, डोळा मिटणे अडत असेल, तर दवाखाना गाठावा. तसे काही नसेल तर उगाच मनाला लावून घेऊ नये.

तोंड एकाएकी वाकडे झाले तर

येथे घड्याळाला सर्वांत जास्त महत्त्व आहे. माणसाला लगेच तीन गोष्टी करायला सांगा. हसायला सांगा, दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा आणि एक वाक्य बोलायला सांगा. तोंड एका बाजूला ओढले जात असेल आणि हात खाली पडत असेल किंवा जीभ जड झाली असेल, तर तो मेंदूचा झटका, म्हणजे लकवा असू शकतो. मेंदूतील रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून १०८ ला फोन करा आणि थेट मोठे रुग्णालय गाठा.

हातपाय व वाचा ठीक आहेत, पण एका बाजूचा डोळा मिटत नाही, त्याच बाजूच्या कपाळाला आठी पडत नाही, चूळ भरताना पाणी गळते, असे असेल तर बहुधा चेहऱ्याच्या नसेला सूज आलेली असते. डॉक्टर याला 'बेल्स पाल्सी' म्हणतात. लकव्यात कपाळाच्या आठ्या बहुधा शाबूत राहतात, यात त्या जातात. पण ही पारख डॉक्टरांवरच सोपवावी. पहिल्या तीन दिवसांत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर बरे होण्याची शक्यता वाढते. मधुमेह असेल तर डॉक्टरांना तसे आधीच सांगावे, कारण या गोळ्यांनी साखर वाढते. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बरे होतात. तोवर उघड्या डोळ्याला जपावे. डॉक्टरांनी दिलेले थेंब घालावेत आणि रात्री पापणी मिटवून चिकटपट्टी लावावी. डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम झाली, तर नस बरी होऊनही नजर जाते.

फाटलेला ओठ आणि टाळू

बाळाचा चेहरा आईच्या पोटात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घडतो. दोन्ही बाजूंचे भाग पुढे येऊन मध्ये जुळतात. हे जुळणे अपुरे राहिले, तर ओठ किंवा टाळू दुभंगलेला राहतो. साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एका बाळाला असे होते. काही घराण्यांत हे पुढे चालत येते. आईने तंबाखू खाणे, फिटची काही औषधे, आहारातील फोलिक ॲसिडची कमतरता यांचाही संबंध दिसून येतो. फिटची औषधे मात्र मनाने बंद करू नयेत. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. अनेकदा एकच एक कारण सापडत नाही. पण ग्रहणात चिरलेली भाजी त्यात कुठेच नसते, एवढे पक्के.

अशा बाळाचा पहिला प्रश्न दिसण्याचा नसून दुधाचा आहे. टाळू फाटलेला असेल तर बाळाला ओढता येत नाही आणि दूध नाकातून येते. आईने आपले दूध काढून, बाळाला उभट धरून, बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजावे. मधूनमधून ढेकर काढावी. वजन वाढले तरच ऑपरेशन वेळेवर होते. ओठाचे ऑपरेशन साधारण तिसऱ्या महिन्यात आणि टाळूचे नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. टाळूला उशीर झाला तर बोलणे नाकातून येते आणि ती सवय पुढे मोडणे अवघड जाते. कान वाहण्याचा त्रासही या मुलांना जास्त होतो. पुढे दात, हिरडी व बोलण्याचे उपचार लागतात. एका ऑपरेशनवर सगळे संपत नाही, हे आधीच समजून घ्यावे.

जुन्या पिढीला मोफत प्लास्टिक सर्जरीची शिबिरे आठवत असतील. पंढरपुरात जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित यांनी १९६८ पासून वर्षानुवर्षे भारतात येऊन अशी हजारो ऑपरेशने केली. स्वतः अपघात आणि कर्करोगाला तोंड देऊनही ते येत राहिले. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ साली ते गेले. त्या काळी गरीब माणूस शिबिराची वाट पाहत असे. आता तशी वाट पाहण्याची गरज नाही.

मान वाकडी, डोके चपटे

बाळ सतत एकाच बाजूला मान कलती ठेवत असेल तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. पहिल्या वर्षात डॉक्टरांनी दाखवलेले ताणाचे व्यायाम केले तर बहुतेक बाळे ऑपरेशनशिवाय बरी होतात. दुर्लक्ष झाले तर चेहऱ्याची ती बाजू वाढीत मागे पडते. नेहमी एकाच कुशीवर निजवल्याने डोके चपटे झाले असेल, तर कूस बदलत राहावी. मात्र मालिश करताना नाक ओढणे, जबडा दाबणे, डोके चेपून 'आकार देणे' हे बंद करावे. त्याने हाड सरळ होत नाही, इजा होण्याची भीती मात्र असते.

हनुवटीवर पडलेले लेकरू

हे कारण आपल्या वस्त्यांतून फार दुर्लक्षित राहते. लेकरू माडीवरून, बंडीवरून, सायकलवरून हनुवटीवर पडते. हनुवटीला टाके पडतात, जखम भरते आणि घरचे विसरून जातात. पण हनुवटीचा मार थेट कानापुढच्या जबड्याच्या सांध्यावर जातो. तेथे हाड मोडलेले असेल तर काही महिन्यांत सांधा आखडतो आणि हळूहळू हाडाला हाड चिकटते. तोंड उघडेनासे होते. खालच्या जबड्याची वाढ याच सांध्याजवळ होत असल्याने ती बाजू खुंटते. हनुवटी मार लागलेल्या बाजूकडे सरकते. फुटलेल्या कानाचा पू सांध्यापर्यंत पोचला तरी असेच घडू शकते.

म्हणून हनुवटीवर पडलेल्या मुलाचा जबड्याचा एक्स-रे काढून घ्यावा. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी त्याला स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात घालायला सांगावे. दोनच जात असतील तर थांबू नये. चिकटलेला सांधा ऑपरेशनने मोकळा करता येतो. त्यानंतर कित्येक महिने रोज तोंड उघडण्याचा व्यायाम करावा लागतो. मूल रडते म्हणून आईचे मन कळवळते आणि व्यायाम सुटतो. मग सांधा पुन्हा चिकटतो. येथे मायेपेक्षा नेटाची गरज असते.

वयात येताना सरकलेला जबडा

पंधरा ते पंचवीस वर्षांच्या वयात काहींचा एका बाजूचा सांधा गरजेपेक्षा जास्त वाढत राहतो आणि हनुवटी दुसऱ्या बाजूला ढकलली जाते. वाढ चालू आहे की थांबली, हे डॉक्टर तपासतात. दात वेडेवाकडे बसत असतील तर तार लावतात. हाडातच फरक असेल तर जबडा कापून योग्य जागी बसवण्याचे ऑपरेशन करतात. ते बहुधा वाढ थांबल्यावर, म्हणजे मुलींना सोळा आणि मुलांना अठरा वर्षांच्या पुढे होते. गालाच्या खोलगट भागात चरबी किंवा इंजेक्शन भरण्याचाही उपाय आहे, पण इंजेक्शनचा परिणाम काही महिन्यांतच उतरतो. ते ब्युटी पार्लरमध्ये कधीही घेऊ नये. मोबाईलवर दाखवतात त्या चेहऱ्याच्या व्यायामांनी मोठ्या माणसाचे हाड सरकत नाही.

एका बाजूचा गाल फुगला असेल तर दाढेतील पू, हाडातील गाठ किंवा कर्करोग असू शकतो. खर्रा खाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातील जखम आणि कमी कमी उघडणारे तोंड या धोक्याच्या घंटा आहेत.

गालावरचा बधिर चट्टा

अमरावती जिल्ह्याला कुष्ठसेवेचा मोठा वारसा आहे. अमरावतीचे तपोवन डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी उभे केले, तर परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरुग्णांचे जुने रुग्णालय आहे. गालावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा असेल आणि त्या बाजूची पापणी नीट मिटत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि सहा महिने ते एक वर्ष घ्यावे लागते. नस नुकतीच दुखावली असेल तर उपचाराने वाचू शकते. जुन्या लुळेपणावरही पापणी मिटवण्याचे ऑपरेशन आहे. लपवल्याने मात्र डोळा जातो.

कुठे जावे, पैसा कुठून आणावा?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. जन्म ते अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते आणि फाटलेला ओठ-टाळू त्यांच्या यादीत आहे. आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना सांगून मुलाचे नाव नोंदवून घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ठरलेल्या आजारांची ऑपरेशने ठरलेल्या रुग्णालयांत मोफत होतात. अमरावती जिल्हा तर या योजनेच्या पहिल्या टप्प्यातच, २०१२ साली, आला होता. रुग्णालयातील आरोग्यमित्राला शिधापत्रिका व आधार दाखवून आपला आजार यादीत बसतो का, हे ऑपरेशनआधीच विचारावे. केवळ सौंदर्यासाठीचे ऑपरेशन त्यात बसत नाही. म्हणून खाणे, बोलणे, डोळा मिटणे यांतील अडचण डॉक्टरांना स्पष्ट सांगावी.

पहिल्या तपासणीसाठी अमरावतीकरांना इर्विन आणि अकोलेकरांना सर्वोपचार रुग्णालय आहे. जबड्यासाठी अमरावतीचे दंत महाविद्यालय किंवा नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय गाठून 'जबड्याच्या ऑपरेशनचा विभाग' विचारावा.

एका कुंभाराची गोष्ट

शेवटी एक जुनी हकीकत. कावसजी नावाचा बैलगाडीवान इंग्रज फौजेत होता. टिपूच्या सैन्याने त्याचे नाक कापले. पुण्याजवळ विटा-मडकी घडवणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी फिरवून त्याला नवे नाक बसवले. इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिले. १७९४ साली लंडनच्या मासिकात ती हकीकत छापून आली आणि पुढे युरोपातील डॉक्टर ते शिकले. कावसजीचा गेलेला चेहरा माती कालवणाऱ्या हातांनी परत दिला. त्या कारागिराचे नावही कोणी लिहून ठेवले नाही.

तेव्हा कोणाच्या लेकराला 'वाकड्या' म्हणून हाक मारू नका आणि कोणी मारली तर तेथेच अडवा. बाळंतिणीला दोष देणारी आजी भेटली तर तिला दुखवू नका. तिच्याजवळ बसून सांगा, "आजी, गऱ्हन नाही वं, ओठ पोटात जुळला नाही. तीन महिन्यांचा झाला का शिवून घेऊ."