‘त्यांच्या घरी तर चालते न!’

मे महिन्यातलं नागपूर. पारा ४५ अंशांच्या आसपास. बारा वाजले की रस्ते ओस पडतात, मैदानात पाय ठेवायची सोय राहत नाही. मग मुलं जातात कुठे? एकमेकांच्या घरात! ज्या घरातला कूलर जोरात, त्या घरात चार-पाच मुलं दिवसभर मुक्कामाला. धरमपेठेतली चिमुरडी मनीषनगरातल्या मैत्रिणीकडे, आणि दुसऱ्या दिवशी ती मैत्रीण हिच्याकडे.

आता या दोन घरांचे कायदे बघा. एका घरात सोफ्यावर उड्या मारायला सक्त मनाई, दुसऱ्या घरात सोफा उड्या मारण्यासाठीच आणलाय असं वाटावं. एकीकडे मोबाइल जेवणानंतर अर्धाच तास, दुसरीकडे मोबाइलवरचं कार्टून लागल्याशिवाय घास उतरत नाही. एका घरी ताटात काही टाकायचं नाही, दुसऱ्या घरी ‘नको ना, राहू दे’. संध्याकाळी मूल परत येतं आणि उंबरठ्यावरूनच जाहीर करतं, ‘त्यांच्या घरी तर चालते न!’

हे ऐकलं की आईबाबांच्या पोटात गोळा येतो. एवढ्या कष्टानं लावलेली शिस्त गेली का वाया? दोन घरांचे दोन नियम बघून लेकरू गोंधळणार तर नाही?

पण जरा थांबून त्या चिमुकल्या वाक्यात काय काय भरलंय ते बघा. चार वर्षांच्या जिवानं दोन घरं निरखली. भिंतीवर कुणीही न लिहिलेले नियम दोन्हीकडून हुडकून काढले. ते शेजारी शेजारी ठेवले, त्यातला नेमका फरक टिपला आणि तो योग्य माणसासमोर, आपल्या सोयीच्या वेळी मांडला. गोंधळलेल्या डोक्याला हे जमेल?

ही करामत सुरू कधी होते माहीत आहे? पाळण्यात! कॅरोलिन रोव्ही-कॉलियर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात आपल्याच तान्ह्या बाळाच्या पायाला रिबन बांधली आणि तिचं दुसरं टोक वर टांगलेल्या झुलत्या खेळण्याला. पाय झाडला की खेळणं हलतं, हे बाळाला काही मिनिटांत उमगलं. नंतरच्या प्रयोगांत त्यांनी पाळण्याच्या कडेनं लावलेलं नक्षीचं कापड बदलून पाहिलं. खेळणं तेच, रिबन तीच, फक्त कापड वेगळं. सहा महिन्यांचं बाळ अशा वेळी आदल्या दिवशी शिकलेली युक्ती वापरेना! म्हणजे त्यानं नुसतं ‘पाय झाडला की खेळणं हलतं’ एवढंच शिकून ठेवलेलं नव्हतं. ‘या ठिकाणी हलतं’ असं ठिकाणासकट शिकून ठेवलं होतं. बोलता येण्याआधीच आपल्याला ठाऊक असतं की इथलं इथे आणि तिथलं तिथे.

नागपूरकरांना याचा पुरावा शोधायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा दुभाषी राज्याची राजधानी होतं, आणि दोन्ही भाषा आजही इथल्या गल्लीगल्लीत सोबत नांदतात. इथलं तीन वर्षांचं पोर आजीशी मराठीत बोलतं, खाली खेळायला उतरलं की पुढच्या क्षणी हिंदीत भांडतं, आणि हा बदल त्याला कुणी शिकवलेला नसतो. मॉन्ट्रियलमध्ये फ्रेड जेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात इंग्रजी-फ्रेंच घरांतली दोन वर्षांची मुलं अभ्यासली. तीही समोरचं माणूस बघून भाषा निवडत होती, अनोळखी माणसासमोरसुद्धा! ज्याला दोन घरांच्या दोन भाषा सांभाळता येतात, त्याला दोन घरांचे दोन सोफे काय जड जाणार?

तरीही एक भीती उरतेच. आज सोफ्याचा नियम घरागणिक बदलतो हे कळलं, तर उद्या कुणाला मारू नये हा नियमही घरागणिक बदलतो असं मुलाला वाटलं तर?

लहान मुलांना नियमानियमांतला फरक कळत नाही, असं थोर स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनाही वाटत होतं. गोट्या खेळणाऱ्या पोरांशी तासन्‌तास बोलून त्यांनी १९३२ साली मांडलं की छोट्यांना सगळेच नियम सारखे, मोठ्यांकडून आलेले आणि न बदलणारे वाटतात. जवळजवळ चार दशकं हे चित्र टिकलं. मग १९७०च्या दशकात एलिऑट ट्युरिएल या संशोधकानं मुलांना एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुणालाही सुचावा इतका साधा! प्रश्न असा : ‘समजा, असा नियमच नसता, तर हे केलेलं चाललं असतं का?’

ज्युडिथ स्मेटाना यांनी १९८१मध्ये हीच पद्धत बालवाडीत नेली. मुलं होती अडीच ते पाच वर्षांच्या आतली. जेवणाआधी प्रार्थना म्हटली नाही, खेळणी जागेवर ठेवली नाहीत. नियम नसता तर चाललं असतं? मुलांचा कल ‘हो’कडे. आणि दुसऱ्याला मारलं, ढकललं तर? नियम असो वा नसो, ते वाईटच! इतर अभ्यासांत मुलांना असंही विचारलं गेलं की खुद्द बाईंनी मारायची परवानगी दिली तर? तरीही नाही. का? कारण समोरच्याला लागतं.

अडीच-तीन वर्षांचं मूल! बुटाचे बंद बांधता येत नाहीत, दहाच्या पुढे आकडे डगमगतात, आणि रूढी कोणती अन् न्याय कोणता हे मात्र कळतं. मुलाच्या डोक्यात नियमांचा जणू मसाल्याचा डबाच असतो. एका वाटीत कुणाला इजा करू नये, कुणाचं हिसकावू नये असे नियम. दुसरीत त्या त्या घरच्या चालीरीती. तिसरीत स्वतःच्या जिवाला जपण्याचे. आणि चौथ्या वाटीत फक्त ‘माझं’ : माझा आवडता रंग, माझी मैत्रीण. घर बदललं की दुसरी वाटी बदलते. पहिलीला धक्का लागत नाही.

आणि खरी गंमत तर पुढे आहे. मायकेल टोमासेलो, हानेस राकोत्सी आणि मार्को श्मिट यांनी जर्मनीत तीन वर्षांच्या मुलांसमोर नियम मोडून दाखवले. खेळाची ठरलेली रीत आपल्यातल्या कुणी मोडली, तर मुलं ‘असं नाही, असं!’ म्हणून उसळून उठत. तीच रीत परक्यानं मोडली, तर त्याला बरीच सूट! पण कुणाची वस्तू बिघडवायचा प्रकार झाला, की आपला असो वा परका, आक्षेप सारखाच. पाहुण्याला आपल्या घरची रीत ठाऊक नसणार, ही समज तीन वर्षांच्या वयात!

विदर्भात तर या समजेला दरवर्षी एक मोठा दिवस मिळतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल सजवून मुलं घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे पैशांची किंवा खाऊची भेट, घेऊन येतात. एका संध्याकाळी किती उंबरठे! कुठे चपला बाहेर काढून आत यायचं, कुठे दारातच उभं राहायचं, कुठे आधी आजोबांच्या पाया पडायचं, कुठे हातात नाणं पडतं, कुठे खाऊ. नवीन घराचा कायदा दोन मिनिटांत वाचायचा आणि पाळायचा. नियम शिकण्याची याहून आनंदाची शाळा कोणती?

मग मुलांना एवढं कळतं, तर नियमांवरून मोठे का दुखावतात? जिवाभावाच्या मैत्रिणी मुलांच्या खाण्यावरून का अबोला धरतात? याचं उत्तर भुवनेश्वरला सापडतं. रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मुलांना विचारलं, सगळ्यांत वाईट वागणं कोणतं? ब्राह्मण घरांतल्या मुलांनी यादीत सर्वांत वर ठेवलं ते असं : वडील वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलानं केस कापून कोंबडी खाल्ली. शिकागोच्या मुलांना यात काही विशेष वाटलं नाही. १९८७मध्ये हे छापून आलं, आणि मोठा वाद झाला. वाट्या सगळ्यांच्या सारख्या नसतात तर! ट्युरिएल यांच्या बाजूनं आलेलं उत्तर फार सुंदर होतं. त्या घरांत अशी श्रद्धा आहे की त्या वागण्यानं वडिलांच्या आत्म्याला त्रास होतो. म्हणजे या मुलांच्याही मनात प्रश्न ‘कुणाला इजा होते का?’ हाच आहे. इजा कुणाला आणि कशानं होते, याबद्दलची समजूत तेवढी वेगळी.

आता नागपुरातल्या दोन घरांकडे बघा. एका घरी रविवारी सावजी मटण शिजतं, दुसऱ्या घरात अंडंही येत नाही. डब्यातलं उकडलेलं अंडं पहिल्या घरासाठी नुसता नाश्ता आहे. दुसऱ्या घरासाठी त्यात एका जिवाचा प्रश्न आहे. मोबाइलचंही तसंच. एका आईसाठी तो सोयीचा मामला. दुसरीनं वाचलेलं असतं की जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको म्हटलंय. तिच्यासाठी तो बाळाच्या तब्येतीचा सवाल. वस्तू एक, वाट्या दोन. भांडण तिथून सुरू होतं, आणि दोघींनाही वाटतं की समोरची बेफिकीर आहे.

हे कळलं की दोन मित्रघरांनी ठरवायच्या गोष्टी फार थोड्या उरतात. विदर्भात एक नियम तर न ठरवताही घरोघरी सारखाच असतो : कूलरला हात लावायचा नाही. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात पंप. इथे दर उन्हाळ्यात शॉक लागल्याच्या बातम्या येतात. कूलर, गच्ची, पाण्याची टाकी, औषधं, मारामारी, कुणाला काय खाऊन त्रास होतो, आणि कुठल्या घराच्या मनाला काय लागतं, एवढं मोकळेपणानं बोलून घ्यावं. सोफा, झोपेची वेळ, ताटातली भाजी यांचा कारभार ज्याच्या त्याच्या घराकडे सोपवावा. आणि सांभाळायचं असेल तर हे सांभाळावं : आपल्याच घरात, आपल्याच मूडप्रमाणे नियम पालटू देऊ नये. दोन घरांतला फरक मुलाला वाचता येतो, कारण त्याला उंबरठ्याची खूण असते. काल हसण्यावारी नेलं आणि आज ओरडा बसला, याला कुठलीच खूण नसते.

म्हणून ‘त्यांच्या घरी तर चालते न!’ ऐकलं की घाबरू नका. ‘हो, त्यांच्याकडे चालतं. आपल्याकडे नाही चालत, आणि का नाही ते सांगते,’ एवढं पुरतं. नियम माणसं करतात, त्यांना कारणं असतात आणि ती विचारता येतात, हे मूल शिकतं ते अशाच फरकांतून. सगळी घरं एकसारखी असती, तर हा प्रश्न त्याला सुचलाच नसता.

आज रात्री हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. मुलाला विचारा, मैत्रिणीच्या आईनं ‘चालेल’ म्हटलं, तर तिच्या सोफ्यावर उड्या मारायच्या का? मग विचारा, तिनं ‘चालेल’ म्हटलं, तर तिच्या बाळाला चिमटा काढायचा का? दोन्ही उत्तरं ऐका, आणि लगेच तिसरा प्रश्न विचारा, तोच खरा : ‘का?’