चुन्याचा घाणा

सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांवर जमिनीत एक गोल दगडी चर दिसतो. कधी जवळच मधोमध भोक असलेलं जड दगडी चाकही पडलेलं असतं. हा चुन्याचा घाणा. चाकाच्या भोकात दांडा अडकवायचा, त्याला बैल जुंपायचे आणि चरात भिजवलेला चुना, वाळू नि सुरखी, म्हणजे विटांची पूड, टाकून सगळं एकजीव होईपर्यंत मळायचं.

दख्खनच्या काळ्या कातळात चुन्याचा दगड नाही. म्हणून देशावर काळ्या मातीतले चुनखडीचे खडे भाजत आणि किनाऱ्यावर शिंपले. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मागे कळीचा चुना उरतो. पाणी पडताच तो खदखदतो आणि मऊ होतो. भिंतीत गेल्यावर तोच वायू हवेतून परत घेत वर्षानुवर्षं पुन्हा दगड होत राहतो. जुने गवंडी त्यात गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर मिसळत.

मला या चुन्याचं मोल वाटतं ते त्याच्या मऊपणामुळे. भिंत उन्हात फुगते, थंडीत आकसते, तेव्हा चुन्याचा सांधा थोडा सरकून घेतो. भिंतीत मुरलेलं पाणी त्या सांध्यातून बाहेर पडतं. झीज होते ती सांध्याची, दगड शाबूत राहतो. सांधा पुन्हा भरता येतो, कोरीव दगड पुन्हा घडवता येत नाही. सिमेंटने दरजा भरल्या की ओल कोंडते, दगडातून वाट काढते आणि तिच्यातले क्षार पृष्ठभागाशी साठून दगडाचे पापुद्रे काढतात. १८२४ साली इंग्लंडमध्ये पेटंट मिळालेलं पोर्टलंड सिमेंट नव्या बांधकामाला उत्तम आहे, पण जुन्या भिंतीला त्याचा ताठपणा सोसत नाही. दिल्लीत हुमायूनच्या कबरीच्या जीर्णोद्धारात छतावरचं विसाव्या शतकातलं सुमारे दहा लाख किलो काँक्रीट हाताने फोडून काढावं लागलं, मग तिथे पुन्हा चुना आला.

चुन्याला घाई चालत नाही. भरलेल्या दरजांवर ओलं गोणपाट टाकून कित्येक दिवस ओल राखावी लागते. ऐन पावसात हे काम काढू नये. ठेक्याची मुदत ठरवतानाच हे दिवस धरायला हवेत. आणि किल्ल्यावर श्रमदानाला जाणाऱ्या मंडळींना कळकळीची विनंती: पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय एकही दरज बुजवू नका, सिमेंटचं पोतं तर गडावर नेऊच नका.