मणक्यांचा संधिवात आणि ताटातला स्टार्च

अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस हा कण्याचा दाहक संधिवात बहुधा पंचेचाळिशीच्या आत, अनेकदा ऐन विशी-तिशीत सुरू होतो, आणि श्रमाने किंवा वयोमानाने होणाऱ्या पाठदुखीच्या नेमकी उलट त्याची तऱ्हा असते. विश्रांतीने पाठ अधिक आखडते, पहाटे दुखण्यानेच जाग येते आणि हालचाल सुरू झाली की आराम पडतो. रोगप्रतिकारक यंत्रणा शरीराच्याच सांध्यांवर, विशेषतः अस्थिबंध हाडाला जेथे चिकटतात त्या जागांवर हल्ला चढवते आणि दीर्घकाळ राहिलेल्या या दाहातून नवे हाड तयार होऊन काही रुग्णांचे मणके एकमेकांना कायमचे जुळतात.

अशा आजाराचा जेवणाशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल; पण संशोधकांना तो संबंध आतड्यात सापडण्याची आशा वाटते, आणि तिला आधारही आहे. एचएलए-बी२७ हे पेशींच्या पृष्ठभागावरील आनुवंशिक प्रथिन या रुग्णांत मोठ्या प्रमाणात आढळते, हे १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवले. युरोपीय वंशाच्या रुग्णांत ते प्रमाण सुमारे ९० टक्के आहे. तथापि हे प्रथिन असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही, म्हणजे आनुवंशिकतेच्या जोडीला आणखी काही तरी लागते. मानवी बी२७ जनुक घातलेले उंदीर पूर्णतः जंतुविरहित वातावरणात वाढवले, तर त्यांना सांध्यांचा वा आतड्याचा दाह होत नाही, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले आणि संशयाचा काटा आतड्यातील जंतूंकडे वळला. पोटाची काहीही तक्रार नसलेल्या अनेक रुग्णांच्या आतड्यातही सूक्ष्मदर्शकाखाली दाह दिसतो.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील रोगप्रतिकारशास्त्रज्ञ ॲलन एब्रिंगर यांनी हा संशय एका जंतूवर केंद्रित केला. क्लेबसिएला न्युमोनिए या आतड्यात राहू शकणाऱ्या जंतूच्या काही प्रथिनांचे तुकडे बी२७शी मिळतेजुळते असल्यामुळे, जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे, म्हणजे संरक्षक प्रथिने, चुकून स्वतःच्या ऊतींवरही तुटून पडतात, असे त्यांचे म्हणणे होते. लहान आतड्यात न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात या जंतूचे अन्न बनतो, म्हणून पाव, बटाटा, भात, पास्ता कमी करून मासे, मांस, भाज्या आणि फळे वाढवण्याचा आहार त्यांनी सुचवला. १९९६ च्या शोधनिबंधात या आहाराने रुग्णांचा दाह आणि लक्षणे कमी झाल्याचे त्यांनी नोंदवले.

मांडणी चतुर आहे, पुरावा मात्र तोकडा. इतर प्रयोगशाळांना क्लेबसिएलाचा दोष सातत्याने आढळला नाही, आणि या आहाराची कसोटी पाहणाऱ्या मोठ्या नियंत्रित चाचण्याही झालेल्या नाहीत. शिवाय मोठ्या आतड्यात पोहोचणारा न पचलेला स्टार्च हाच उपकारक जंतूंचाही खुराक असतो आणि त्यापासून ते आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्ले बनवतात. एकट्या क्लेबसिएलाला उपाशी मारता येईल, अशी सोय निसर्गाने केलेली नाही.

मराठी स्वयंपाकघरात हा प्रयोग अधिकच अवघड ठरतो. पोळी, भाकरी, भात, पोहे, साबुदाणा तर गेलेच, पण डाळी आणि कडधान्यांतही स्टार्च भरपूर असल्यामुळे शाकाहारी माणसाच्या ताटातून प्रथिनांचा मुख्य आधारही निघून जातो. या आजारात मणक्यांची हाडे आतून ठिसूळ होण्याचा धोका आधीच असतो. तेव्हा कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि प्रथिने यांत तूट येऊ देणे परवडणारे नाही.

संधिवाताच्या युरोपीय तज्ज्ञसंघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या जीवनशैलीविषयक शिफारशींचा सूर असा आहे की कोणताही विशिष्ट आहार आजारात ठळक फरक पाडतो असे सिद्ध झालेले नाही, समतोल आहार आणि आटोक्यातले वजन मात्र महत्त्वाचे. वजनाचा मुद्दा केवळ उपदेशाचा नाही: दाह घडवणाऱ्या टीएनएफ या रेणूला रोखणारी इंजेक्शने स्थूल रुग्णांत कमी प्रभावी ठरल्याचे आढळले आहे. धूम्रपानाचा आहाराशी संबंध नसला तरी कण्याची हानी ते वाढवते, आणि वेदनाशामक दाहरोधक गोळ्या जठराला इजा करू शकत असल्याने त्या जेवणानंतर घेणे इष्ट.

एखाद्या पदार्थाने त्रास वाढतो असे ज्या रुग्णाला वाटते, त्याने तो काही आठवडे वगळून पाहण्यास हरकत नाही. मात्र ते संधिवाततज्ज्ञाला सांगून, आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने करावे, आणि पथ्य सुरू केले म्हणून औषधे व रोजचा व्यायाम थांबवू नये.