घर मुलीच्या नावावर, थकबाकी कोणाच्या?
(घर, जमीन आणि कायदा : लेखांक ५)

रक्ताच्या नात्यातलं बक्षीसपत्र आपण मागच्या लेखात पाहिलं. राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडांना द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये. त्यामुळे हयातीतच घर मुलांच्या नावावर करण्याकडे वडीलधाऱ्यांचा कल वाढला आहे आणि तो योग्यच आहे. राहून जाते ती घरपट्टी.

समजा, सावेडीतलं घर वडिलांनी मुलीला बक्षीस दिलं. दस्त नोंदला, पण महापालिकेच्या दप्तरी वडिलांचंच नाव राहिलं आणि मागची काही वर्षांची घरपट्टी थकलेली आहे. ती भरायची कोणी?

उत्तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये आहे. कलम १४१ प्रमाणे घरपट्टीचा बोजा त्या मिळकतीवरच असतो आणि शासनाचा जमीन महसूल सोडला तर त्याचा हक्क पहिला. म्हणजे घर मुलीकडे गेलं की थकबाकीही घरासोबत गेली. वडील तरी सुटले का? नाही. याच कायद्याच्या कराधान नियमांनुसार दस्त नोंदल्यापासून तीन महिन्यांच्या आत देणारा आणि घेणारा, दोघांनीही आयुक्तांना हस्तांतराची लेखी सूचना द्यायची असते. ती दिली नाही, तर सूचना देईपर्यंत किंवा दप्तरी नोंद होईपर्यंत पुढची घरपट्टीही वडिलांच्या अंगावर राहते. मुलीची जबाबदारी त्याने कमी होत नाही. पालिका दोघांकडेही मागू शकते.

इथे एक बारकावा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९७१ साली अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हेच कलम १४१ होतं. कोर्टाच्या लिलावात मिळकत घेणाऱ्याला जुन्या थकबाकीची कल्पना नव्हती, म्हणून त्या मिळकतीवर बोजा बजावता येणार नाही, असा निकाल लागला. आधार होता मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०० चा. पण ते संरक्षण मोबदला देऊन, बोजा माहीत नसताना घेणाऱ्याला आहे. बक्षीसपत्रात मोबदलाच नसतो. त्यामुळे ‘मला बाबांनी थकबाकीचं सांगितलंच नव्हतं’ हे मुलीचं म्हणणं खरं असलं तरी या कलमाचा आसरा तिला मिळत नाही. पैसे मोजून घेणाऱ्या परक्यापेक्षा प्रेमाने घर मिळालेली लेक इथे जास्त उघडी पडते.

शास्ती महिन्याला दोन टक्के. २०,००० रुपये थकले असतील तर महिन्याला ४०० आणि वर्षाला ४,८०० रुपये नुसती शास्ती. शास्तीमाफीची योजना जाहीर होईल म्हणून थांबणारे पुष्कळ आहेत. पण माफी शास्तीची असते, मूळ कर भरावाच लागतो.

म्हणून दस्त करण्याआधी चालू बिल काढून थकबाकी पाहा, भरा आणि पावती दस्ताच्या फायलीत ठेवा. नोंदणीनंतर सूची क्रमांक दोनची प्रत जोडून प्रभाग कार्यालयात दोघांच्या सहीने अर्ज द्या आणि पोच घ्या. प्रॉपर्टी कार्डावर नाव लागलं म्हणजे घरपट्टीलाही लागलं, असं धरून चालू नका. वडील वारल्यानंतर घर वारसाकडे आलं असेल, तर सूचनेची मुदत मृत्यूपासून एक वर्षाची आहे.

संगमनेर, कोपरगावसारख्या नगरपरिषदांना १९६५ चा कायदा लागू होतो, तर गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहावा लागतो. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.