भिवंडीची गोदामे आणि तैलाच्या कुपीवरील वर्ख

आपल्या त्रैमासिकात तैलपाकाच्या लक्षणांविषयी, मूर्च्छनेविषयी, कल्कद्रव्यांच्या पारखीविषयी अनेक अभ्यासपूर्ण लेख प्रसिद्ध होतात. तैल सिद्ध झाल्यानंतर ते ज्या कुपीत भरले जाते तिच्या बाह्यांगाविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. तो विषय छपाईवाल्याचा किंवा व्यापाऱ्याचा, वैद्याचा नव्हे, अशी आपली समजूत असते. माझीही होती. पाचशे बाटल्यांच्या एका खरेदीने ती दूर केली. तो अनुभव आणि त्यानंतर मिळवलेली माहिती वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव म्हणून आपण ओळखतो. परंतु ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून काल्हेर, पूर्णा, राहनाळ या बाजूने माणकोलीकडे निघाले की मागांचा खडखडाट ऐकू येत नाही. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या छपरांची गोदामेच गोदामे दिसतात. मुंबईच्या वेशीबाहेर, जकात न भरता माल ठेवता येतो, या सोयीमुळे ही गोदामे वाढली. ती जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर संपली. गोदामे मात्र राहिली आणि आणखी पसरली. देशभर जाणारी सौंदर्यप्रसाधने येथे थप्प्यांनी पडून असतात. रिकाम्या बाटल्या, झाकणे, पंप आणि खोकी ठोकीने विकणारे व्यापारीही याच पट्ट्यात भेटतात.

अशा व्यापाऱ्याच्या गाळ्यात प्रथमच जाणारा वैद्य गोंधळून जातो. भिंतीवरील फळ्यांवर नमुने मांडलेले असतात: सोनेरी झाकणाची कुपी, धुरकट काचेची कुपी, मखमली स्पर्शाची डबी, आरशासारखी चमकणारी बरणी. वीस-तीस खोकी घेणाऱ्या गिऱ्हाईकाला कोणी बारकावे समजावून सांगत बसत नाही. आपणही डोळ्यांना जे आवडते त्यावर बोट ठेवतो.

मीही तेच केले. पांढऱ्या पॉलिथिलीनच्या पाचशे बाटल्या घेतल्या आणि त्यांवर गडद हिरव्या रंगात स्क्रीनछपाई करून घेतली. निम्म्यांवर केशतैलाचे नाव, निम्म्यांवर विषगर्भ तैलाचे. छपाई सुबक झाली होती. तीन-चार महिन्यांनी एक आजी दोन बाटल्या घेऊन चिकित्सालयात आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, यातलं डोक्याचं कुठलं आणि गुडघ्याचं कुठलं?" दोन्ही बाटल्या कोऱ्या होत्या. तेलकट हाताने रोज धरल्यामुळे अक्षर न् अक्षर पुसून गेले होते. वत्सनाभ आणि धत्तूर असलेले तैल सुनेने नातवाच्या डोक्याला लावावयास घेतले, तेव्हा वास वेगळा आला म्हणून ती थांबली, असे त्या सहज सांगून गेल्या. त्या दिवशी उरलेल्या सर्व बाटल्या मी परत मागवून घेतल्या. दोष कोणाचा, या वादात बाटलीवाला आणि छपाईवाला एकमेकांकडे बोट दाखवीत राहिले. आणि न विचारता माल घेणारा मी, तिसरा दोषी.

पुढे एका जाणत्या छपाई कारागिराने कारण समजावून सांगितले. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांचा पृष्ठभाग स्वभावतःच कशालाही धरून न ठेवणारा असतो. त्यावर शाई नुसती बसते, चिकटत नाही. म्हणून छपाईपूर्वी बाटली क्षणभर ज्योतीवरून फिरवतात. व्यवसायात याला फ्लेम ट्रीटमेंट म्हणतात. संस्काराने गुणांतर होते हे आपणांस सांगावयास नको. येथेही पृष्ठभागाचे तेच होते. परंतु हा संस्कार कायमचा नाही. दिवस जातील तसा त्याचा प्रभाव ओसरतो. कारखान्यातून ज्योतीवरून निघालेली बाटली भिवंडीच्या तापलेल्या पत्र्याखाली पाच-सहा महिने पडून राहिली आणि मग छापली गेली, तर ती न संस्कारलेल्या बाटलीच्या जवळपासच येते. माझ्या बाटल्यांचे बहुधा असेच झाले असावे. परीक्षा अगदी सोपी आहे. बाटलीवर पाण्याचे दोन थेंब सोडावेत. थेंब मोत्यासारखा गोल राहिला तर छपाई टिकणार नाही. पसरला तर टिकण्याची आशा आहे. छापलेल्या नमुन्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्याने ओढावी, आणि आपलेच तैल बोटाला लावून अक्षरांवर शंभर वेळा घासावे. ही शेवटची परीक्षा व्यापारी करणार नाही, कारण आपले तैल त्याच्याजवळ नसते.

काचेच्या कुपीची गोष्ट वेगळी आहे. काचेवर खनिज रंगाने छापून ती भट्टीत सुमारे सहाशे अंश सेल्सिअसला भाजली, तर तो रंग काचेचाच भाग होतो. तैलाने, मद्यार्काने, धुण्याने जात नाही. त्यासाठी किमान मागणी मोठी असते आणि लहान रसशाळेला ते बहुधा परवडत नाही. म्हणून काचेवर थंड शाईने छापण्याचा किंवा लेबल लावण्याचा मार्ग उरतो. धुरकट काच सध्या फार लोकप्रिय आहे. ती दोन प्रकारे होते: आम्लाने पृष्ठभाग खरवडून किंवा पारदर्शक काचेवर धुरकट लाख फवारून. पहिली टिकते, दुसरी नखाने ओरखडते. परंतु तैलासाठी दोन्ही गैरसोयीच्या आहेत. धुरकटपणा म्हणजे पृष्ठभागावरील सूक्ष्म खाचा. तैल त्या खाचा भरून काढते आणि जेथे बोट लागले तेथे काच पारदर्शक होते. आठवड्याभरात कुपी डागाळलेली दिसू लागते. कोरड्या लेपाच्या किंवा उटण्याच्या बरणीला हीच काच शोभून दिसते.

रंगाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. कुंकुमादी तैलातील केशराचा रंग प्रकाशाने उडतो, म्हणून आपण तपकिरी कुपी मागतो. मूळ काच ओतताना तपकिरी केलेली असेल तर ती अतिनील किरण चांगल्या प्रकारे अडवते. साध्या काचेवर बाहेरून तपकिरी किंवा जांभळा रंग फवारलेला असेल तर ते संरक्षण गृहीत धरता येत नाही. दुकानात दोन्ही सारख्याच दिसतात. कुपीचे तोंड आणि तळ पाहावा. फवारलेल्या कुपीच्या तोंडाशी किंवा आतून पाहिल्यास साधी काच उघडी पडते.

आता सोनेरी झाकणाविषयी, कारण सर्वाधिक मोह तेथेच पडतो. त्यात सोने तर नसतेच, पितळही क्वचितच असते. प्लास्टिकच्या झाकणावर प्रथम लाखेचा थर देतात, मग निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा अतिसूक्ष्म थर बसवतात आणि वर पिवळसर छटेची लाख देतात. सोनेरीपणा त्या वरच्या लाखेचा असतो. गरम ठशाने उठवलेली सोनेरी अक्षरे म्हणजेही ॲल्युमिनियमचा वर्ख आणि त्यावरील पिवळी छटा. सारा टिकाऊपणा वरच्या लाखेवर अवलंबून असतो. झाकणाच्या आतील कडेला ही लाख पुरेशी पोहोचलेली नसेल, तर झिरपलेले तैल तेथून आत शिरते आणि वर्ख सालीसारखा सुटू लागतो. सुटलेला कण कुपीच्या तोंडाशी पडतो, आणि चेहऱ्याला लावावयाच्या तैलात चमकणारा कण दिसला तर रुग्ण आपणास काय म्हणेल, याची कल्पना करावी. रंग धातूतच मुरवलेले ॲनोडाइझ केलेले ॲल्युमिनियमचे झाकण महाग पडते, परंतु त्याची साल निघत नाही. ते न परवडल्यास साधे काळे किंवा पांढरे झाकण घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मखमली स्पर्शाच्या थराविषयी थोडक्यात एवढेच, की कोकणपट्टीच्या पावसाळ्यात आणि गोदामाच्या उष्णतेत त्यातील काही प्रकार कालांतराने चिकट होतात आणि मळ धरतात. शिवाय त्यावर लेबल नीट बसत नाही.

हे सारे पाहताना सुश्रुताचार्यांची आठवण होते. उत्तरतंत्रात अंजने ठेवण्याच्या पात्रांचा विचार करताना त्यांनी सुवर्ण, रजत, शृंग, ताम्र, वैदूर्य, कांस्य आणि लोह अशी पात्रे सांगितली आहेत, आणि ती वाटेल तशी नव्हेत, तर अंजनाशी तुल्यगुण असावीत असा दंडक घातला आहे. सोन्याचे पात्र तेथेही आहे. परंतु ते आतील द्रव्यासाठी निवडलेले आहे, पाहणाऱ्यासाठी नव्हे. भिवंडीच्या गाळ्यात आपण नेमका उलटा क्रम लावतो: आधी वर्ख, मग कुपी, आणि शेवटी आपले तैल त्यात मावते की नाही हे पाहतो.

लेबलाच्या जागेचा विचारही सजावटीच्या आधीच व्हावयास हवा. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध सिद्ध करणाऱ्या वैद्याला औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याने परवान्यातून मोकळीक दिली आहे. परंतु औषध बाजारात विक्रीस गेले की परवाना लागतो आणि नियम १६१ लागू होतो. औषधाचे नाव, सर्व घटकद्रव्ये, परिमाण, परवाना क्रमांक, गट क्रमांक, निर्मितीचा दिनांक, बाह्योपचाराचे असल्यास तसा स्पष्ट उल्लेख आणि 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द, एवढे सारे पन्नास मिलिलिटरच्या कुपीवर वाचनीय अक्षरात बसवावयाचे असते. त्यात वापराची अंतिम मुदतही आली. चकचकीत वार्निशवर गट क्रमांकाची शाई धरत नाही. म्हणून खोके किंवा लेबल छापतानाच त्या चौकटीपुरती जागा वार्निशविना कोरी सोडावयास सांगावी. सोनेरी पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरेही टाळावीत. आजींच्या चाळिशीला ती दिसत नाहीत.

येथे एक रास्त आक्षेप येऊ शकतो: साध्या कुपीला बाजारात कोण विचारतो? उटणे, लेप, मुखतैल ही द्रव्ये आता प्रसाधनांच्या फळीवर स्पर्धा करीत आहेत, हे खरेच. शासनानेही २०१० मध्ये नियम १५८-ब आणून 'सौंदर्यप्रसादक' हा आयुर्वेदाचा वेगळा वर्ग मान्य केला, तर सामान्य प्रसाधनांसाठी २०२० मध्ये स्वतंत्र नियमावली काढली. औषध कोणते आणि प्रसाधन कोणते, हा वाद मराठी माणसाच्या विको कंपनीला उत्पादनशुल्काच्या प्रश्नावर अनेक वर्षे लढावा लागला; २००४ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने तिची उत्पादने औषधच ठरवली. अशा प्रकरणांत घटकद्रव्यांबरोबरच, सामान्य माणूस ती वस्तू काय म्हणून घेतो, हेही पाहिले जाते. आपली कुपी पाहून माणूस ती काय म्हणून उचलतो, याला कुपीचा वेषही काही अंशी कारण असतो, असे मला वाटते. सजावट वर्ज्य करावी असा याचा अर्थ मी घेत नाही. खोक्यावर करावी; तेथे तैलाचा हात लागत नाही. जाड कागदावर उठावाचे ठसे, एकाच रंगाची स्वच्छ छपाई आणि पाण्यात विरघळणारे वार्निश एवढ्यातही पुष्कळ शोभा येते, आणि असा कागद पुन्हा लगद्यात जातो. वर्ख चढवलेले प्लास्टिक भंगारवालाही बाजूला काढतो.

सध्या मी नवीन मागणी देण्यापूर्वी तीन नमुने तपासत आहे: ओतीव तपकिरी काचेची कुपी, साधे काळे झाकण, एकावर थंड शाईची छपाई आणि दोहोंवर दोन प्रकारची लेबले. तिन्हींत तैल भरले आहे. एक आडवी ठेवली आहे, एक उलटी, आणि तिसरी आमच्या औषधालयातील सेविका रोज तेलकट हाताने हाताळते. उन्हाळ्यात एका लेबलाचा कोपरा सुटला, ते बाद केले. उरलेली दोन खिडकीत आहेत. गणपतीपर्यंतचा पाऊस त्यांच्यावरून जाऊ द्यावा आणि मग भिवंडीला जावे, असा बेत आहे.